बहिणीचं नाव सातबाऱ्यावर: वंशावळ, वारस नोंद आणि हक्कसोड

वडील गेल्यावर दिवसकार्य आटोपलं की पहिला कागद निघतो तो वारस नोंदीचा. बहुतेक घरांत त्याच्या पाठोपाठ दुसराही तयार असतो, बहिणींच्या हक्कसोडीचा. सगळे गावात आलेलेच आहेत, गाडी आहे, लेखनिक ओळखीचा आहे, मग 'एका फेरीत दोन्ही उरकून टाकू' असं ठरतं. ही एक फेरीच पुढे नडते. वारस नोंद म्हणजे कायद्याने आधीच मिळालेल्या हक्काची दप्तरी नोंद. हक्कसोड म्हणजे तो हक्क कायमचा देऊन टाकणं. पहिलं काम लवकर करायचं असतं. दुसरं करायचंच असेल तर सावकाश, निदान एक हंगाम जाऊ देऊन. या दोन्ही कामांत कागद कुठे अडतो, कोणती चूक नेहमी होते आणि ती कशी टाळायची, ते पुढे दिलं आहे.

आधी कायदा कोणाला लागू, ते पाहा. इथली मांडणी १९५६ च्या हिंदू वारसा कायद्याची आहे आणि तो हिंदू, बौद्ध, जैन आणि शीख यांना लागतो. मुस्लिम कुटुंबांचे हिस्से शरियतप्रमाणे ठरतात, ख्रिस्ती कुटुंबांचे १९२५ च्या भारतीय वारसा कायद्याप्रमाणे. अनुसूचित जमातींना हिंदू वारसा कायदा आपोआप लागू होत नाही. त्यामुळे नंदुरबार, पालघर, गडचिरोलीकडच्या आदिवासी कुटुंबांनी हे हिशेब जसेच्या तसे उचलू नयेत. गोव्यात तर चित्रच निराळं. तिथे पोर्तुगीज काळापासूनच्या समान नागरी कायद्यात मुलगा-मुलगी सारखेच वारस आहेत आणि मुलांना मिळणारा अर्धा वाटा आईवडिलांना मृत्युपत्रानेही सहसा काढून घेता येत नाही. सीमेपलीकडे सावंतवाडी-दोडामार्गात सोयरिकी असलेल्या घरांना हा फरक चांगला ठाऊक असतो.

एकाच घराचे दोन हिशेब

समजा, वडिलोपार्जित दोन हेक्टर, म्हणजे २०० आर, जिरायत आहे. घरात वडील, आई, दोन मुलगे, एक मुलगी.

वडील १९८५ साली वारले असते तर तेव्हाच्या नियमाने आधी काल्पनिक वाटणी धरली जायची, म्हणजे वडील जाण्याच्या क्षणाआधी वाटणी झाली असती तर कोणाला किती, हा हिशेब. तीत वडील, आई आणि दोन मुलगे असे चार हिस्से, प्रत्येकी ५० आर. मुलगी या वाटणीत नाहीच. मग वडिलांच्या ५० आरचे चार वारस, म्हणजे आई, दोन मुलगे, मुलगी. प्रत्येकी साडेबारा आर. एकूण झालं काय? आईला आणि प्रत्येक मुलाला साडेबासष्ट आर, मुलीला साडेबारा.

आजच्या नियमाने काल्पनिक वाटणीत मुलगीही बसते. पाच हिस्से, प्रत्येकी ४० आर. वडिलांचे ४० आर चौघांत वाटले की प्रत्येकी आणखी १०. चौघांनाही ५० आर. म्हणजे साडेबाराचे पन्नास झाले. हा बदल एका दिवसात झालेला नाही आणि त्याचे टप्पे माहीत नसले की गावकीतली प्रत्येक बैठक 'आमच्या वेळी असं नव्हतं' इथे येऊन थांबते.

महाराष्ट्राने २२ जून १९९४ पासून मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः हक्क दिला, पण त्या तारखेआधी लग्न झालेल्या मुली त्यातून वगळल्या. त्यामुळे १९९० ला लग्न झालेली थोरली आणि १९९७ ला लग्न झालेली धाकटी, एकाच आईच्या पोटच्या दोघींना वेगवेगळा हक्क होता. ९ सप्टेंबर २००५ पासून केंद्राच्या दुरुस्तीने हा भेद गेला. लग्न कधी झालं, झालं की नाही, हा प्रश्नच उरला नाही. याच दुरुस्तीने राहत्या घराबद्दलची अटही गेली. त्याआधी भाऊ वाटणी करायला तयार होईपर्यंत मुलीला घरातला हिस्सा मागता येत नसे. वडील २००५ पूर्वी वारले असतील तर काय, यावर बरीच वर्षं घोळ चालला. तो सर्वोच्च न्यायालयाने ११ ऑगस्ट २०२० ला विनीता शर्मा खटल्यात मिटवला. मुलीचा हक्क जन्माने आहे. २००५ साली वडील हयात असण्याची गरज नाही.

मुख्य अडसर उरतो तो २० डिसेंबर २००४ पूर्वी झालेल्या वाटणीचा. ती नोंदणीकृत असेल किंवा न्यायालयाच्या हुकुमाने झालेली असेल, तर ती तशीच राहते. 'तोंडी वाटप झालं होतं' हे नुसतं सांगणं सहसा टिकत नाही, त्याला त्या काळातला सरकारी कागदाचा भक्कम आधार लागतो. म्हणून कोणी तोंडी वाटपाचा दाखला दिला तर वाद घालत बसू नका. त्या वाटपाच्या फेरफाराचा, म्हणजे सातबाऱ्यावरचा हक्क बदलल्याच्या नोंदीचा, क्रमांक मागा आणि फेरफाराची नक्कल काढून वकिलाला दाखवा.

मिळकत वडिलांनी स्वतः कमावलेली असेल आणि मृत्युपत्र नसेल, तर काल्पनिक वाटणीची भानगड नाही. आई, मुलगे आणि मुली यांना सारखे हिस्से. मृत्युपत्र असेल तर स्वकष्टार्जित सगळं कोणालाही देता येतं, वडिलोपार्जितातला फक्त स्वतःचा हिस्सा. मुलगा किंवा मुलगी वडिलांच्या आधी वारली असेल तर तिच्या किंवा त्याच्या शाखेला मिळून एक हिस्सा जातो. वारलेल्या मुलाची विधवा त्या शाखेत येते. वारलेल्या मुलीची मुलंही येतात, आणि नेमकी हीच मुलं वंशावळीतून सर्वांत जास्त गळतात.

वंशावळ: सगळा खेळ या पानावर

वंशावळ प्रतिज्ञापत्रासोबत जोडली जाते आणि पुढचा प्रत्येक अधिकारी तिच्यावरच भिस्त ठेवतो. जुन्या वंशावळी पाहिल्या तर मुलग्यांची नावं, त्यांच्या मुलांची नावं व्यवस्थित, आणि कोपऱ्यात 'मुली ३' किंवा 'मुली सासरी'. अशी वंशावळ आज चालत नाही. चालवून घेतली तरी पुढे ती रद्द होण्याचं कारण ठरते. खोट्या प्रतिज्ञापत्राबद्दल सही करणाऱ्यावर फौजदारी होऊ शकते ते वेगळंच.

ज्यांच्या नावावर जमीन होती त्या मूळ पुरुषापासून किंवा स्त्रीपासून सुरुवात करा. प्रत्येक पिढीत प्रत्येक अपत्य, हयात की मयत, आणि मयत असेल तर मृत्यूची तारीख. पत्नी दोन असतील तर दोघींची नावं लिहा. दुसरं लग्न बेकायदा असलं तर दुसऱ्या पत्नीला पत्नी म्हणून हिस्सा नाही, पण तिच्या मुलांना वडिलांच्या हिश्श्यात हक्क आहे. ही मुलं लपवली की दहा वर्षांनी दावा येतोच. दत्तक, अविवाहित, माहेरी परत आलेली, परदेशात असलेली, बोलणं तुटलेली, सगळ्यांची नावं यायला हवीत. विधवा सुनेने दुसरं लग्न केलं म्हणून तिच्या नवऱ्याच्या जमिनीतला तिला आधीच मिळालेला हिस्सा जात नाही.

आता नावांचा गुंता. बहिणीचं माहेरचं नाव शाळेच्या दाखल्यावर 'सुमन ज्ञानोबा'. लग्नात ताटातल्या तांदळात अंगठीने लिहिलेलं नाव 'सुनंदा', म्हणून आधारवर 'सुनंदा भास्कर'. आणि घरात सगळे म्हणतात माई, म्हणून रेशनकार्डावर 'माईबाई'. ही तिन्ही एकच व्यक्ती आहेत, हे कोण सांगणार? फेरफार नामंजूर होण्याचं हे अगदी नेहमीचं कारण आहे. उपाय कंटाळवाणा पण सोपा आहे. विवाह नोंदणीचा दाखला असेल तर तो, नाव बदलल्याचं राजपत्र असेल तर ते, आणि दोन्ही नसतील तर 'अमुक, तमुक आणि तमुक ही तिन्ही नावं माझीच' असं तिचं स्वतःचं प्रतिज्ञापत्र, सोबत शाळेचा दाखला आणि आधार. वंशावळीत तिचं नाव 'सुमन ज्ञानोबा (माहेरचं) उर्फ सुनंदा भास्कर' असं दोन्ही प्रकारे लिहा. पन्नाशीपुढच्या बायकांची नावं लग्नात सर्रास बदललेली असतात; त्यांच्या मुली बहुधा पहिलं नाव तरी तेच ठेवतात. शिवाय १ मे २०२४ नंतर जन्मलेल्यांच्या नावात सरकारी कागदांवर वडिलांच्या आधी आईचं नाव येतं, त्यामुळे पुढच्या पिढीची वंशावळ आईच्या बाजूनेही जुळवता येईल.

अर्ज आणि त्यानंतरचे पंधरा दिवस

महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १४९ प्रमाणे हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत तो कळवायचा असतो. उशीर झाला म्हणून हक्क जात नाही, पण मधल्या काळात जमीन मयताच्या नावावर राहते, आणि अनुदान, पीकविमा, भरपाई सगळं अडकतं. ही अडचण इतकी सार्वत्रिक आहे, की २०२५ साली राज्याने मयत खातेदारांच्या जागी वारस लावायला 'जिवंत सातबारा' मोहीमच काढली.

कागद हे लागतात: मृत्यूचा दाखला, सातबारा आणि आठ-अ (खातेदाराच्या एकूण जमिनीचा उतारा) यांचे ताजे उतारे, सर्व वारसांची नावं, वयं, पत्ते आणि नाती, वंशावळीसह प्रतिज्ञापत्र, प्रत्येक वारसाचं आधार. मृत्यूची नोंद २१ दिवसांत ग्रामपंचायतीत किंवा नगरपालिकेत होते. आजी तीस वर्षांपूर्वी वारली आणि नोंदच केली नाही, अशा घरांना दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणावा लागतो. ते काम सर्वांत आधी हातात घ्या, कारण त्याला वेळ लागतो. वाद नसेल तर न्यायालयाचं वारस प्रमाणपत्र सातबाऱ्यासाठी लागत नाही. कोणी एजंट त्याचे पैसे मागत असेल तर कशासाठी ते विचारा.

अर्ज ई-हक्क प्रणालीतून घरबसल्या करता येतो किंवा थेट तलाठ्याकडे देता येतो. २०२४ पासून या पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी झालं आहे, पण गावात अजून 'भाऊसाहेब'च. कार्यालयात दिलात तर पोच घ्या, तारखेसह. नाव आधी वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये जातं. तिथे वारस ठरले की फेरफार, म्हणजे गाव नमुना ६ मध्ये नोंद धरली जाते आणि सर्व हितसंबंधितांना नोटीस निघते. हरकतीला पंधरा दिवस. हरकत आली नाही तर सर्कल, म्हणजे मंडळ अधिकारी, नोंद मंजूर करतात. आली तर ती तक्रार नोंदवहीत जाते आणि सुनावणी होते.

गाडी सर्वांत जास्त घसरते ती या नोटिशीवर. नोटीस बहिणीच्या सासरच्या पत्त्यावर जायला हवी. अर्जात माहेरचाच पत्ता लिहिला असेल तर नोटीस भावाच्याच हातात पडते. मग सही कोणी केली, हा प्रश्न वीस वर्षांनी प्रांताधिकाऱ्यांसमोर निघतो. म्हणून अर्जात प्रत्येकीचा राहता पत्ता आणि तिचा स्वतःचा मोबाइल क्रमांक द्या; जावयाचा नको, भाच्याचाही नको. बहिणींनी स्वतः करायचं काम म्हणजे महसूल खात्याच्या 'आपली चावडी' या संकेतस्थळावर गावाच्या प्रलंबित फेरफारांच्या नोटिसा अधूनमधून पाहणं. त्याला पैसे पडत नाहीत आणि कोणाला सांगावंही लागत नाही.

नोंद मंजूर झाली की डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांत काढा आणि तीन गोष्टी तपासा. नाव कब्जेदारांच्या, म्हणजे जमीनधारकांच्या, रकान्यात आहे का? सगळ्या गटांवर लागलं का? एखादा गट, विशेषतः दुसऱ्या गावातला, राहून जातो. आणि स्पेलिंग आधारशी जुळतं का? काना-मात्रेची चूक आत्ता एका अर्जात सुटते, पुढे बँकेत महिना खाऊन टाकते.

नाव गाळून नोंद मंजूर झालीच, तर प्रांताधिकाऱ्यांकडे कलम २४७ खाली साठ दिवसांत अपील. मुदत टळली असेल तर उशीर माफीचा अर्ज सोबत जोडा आणि नोंद कधी, कशी कळली ते तारखेसह लिहा. 'आम्हाला माहीत नव्हतं' एवढंच लिहिलं तर अर्ज दुबळा पडतो. एक दिलासा असा, की सातबाऱ्यावरची नोंद महसुलासाठी असते, तिच्याने मालकी जन्मत नाही की मरत नाही. नाव नसलं तरी हक्क राहतो. तो दिवाणी न्यायालयात वाटणीच्या दाव्याने मागता येतो. भाऊ वर्षानुवर्षं एकटा कसतो म्हणून बहिणीचा हिस्सा बुडत नाही, कारण सहहिस्सेदाराचा ताबा सर्वांच्या वतीने धरला जातो.

जुन्या उताऱ्यातल्या तीन खुणा

ए.कु.मॅ. किंवा एकुमॅ: एकत्र कुटुंब मॅनेजर. थोरल्या भावाचं एकट्याचं नाव आणि पुढे ही अक्षरं. जमीन त्याची एकट्याची नाही, तो कारभारी होता, हे दाखवणारी ही खूण आहे. संगणकीकरणात ही अक्षरं गळालेली दिसली तर जुना हस्तलिखित सातबारा आणि मूळ फेरफार काढा. पुरावा तिथे आहे.

इतर हक्क: उजवीकडच्या रकान्यात बहिणींची किंवा आईची नावं. पूर्वी ही पद्धतच होती; भावांची नावं कब्जेदारांत, बायकांची इतर हक्कात. तिथे नाव असलं की बँक विचारत नाही, मोजणीची नोटीस येत नाही, आणि पुनर्लेखनात नाव कधी उडतं ते कळतही नाही. ज्या फेरफाराने ते नाव तिथे गेलं त्याची नक्कल काढा. त्यात 'वारस' असा शब्द असेल तर तहसीलदारांकडे नाव कब्जेदार सदरी घेण्याचा अर्ज करा. केवळ लेखनिकाची चूक असेल तर कलम १५५ खाली दुरुस्ती होते. त्यापलीकडचा वाद असेल तर अपील.

अ.पा.क.: अज्ञान पालनकर्ता. वडील लवकर गेले आणि मुलं लहान होती, म्हणून आईचं किंवा काकाचं नाव पालक म्हणून. मूल अठरा वर्षांचं झालं की हा शेरा कमी करायचा असतो. चाळिशीच्या माणसाच्या नावापुढे आजही अ.पा.क. दिसतं. एक गोष्ट मात्र नीट पाहा. आई नुसती पालक म्हणून लागली असेल आणि तिचं स्वतःचं वारस म्हणून नाव नसेल, तर शेरा कमी करताना ती उताऱ्यावरून साफ नाहीशी होते. शेरा काढण्याच्या अर्जासोबतच तिची वारस नोंद मागा.

हक्कसोड करायची असेल तर

बहिणी हक्क का सोडतात, हे कायद्याच्या पुस्तकात नाही. माहेर तुटू नये, भाऊबीजेला दार उघडं राहावं, बाळंतपण आणि आजारपण निघालं तर हक्काने जाता यावं, म्हणून सोडतात. सासरीही 'भावाशी भांडणारी' असं नाव नको असतं. हे कारण खरं आहे, आणि त्याला हसण्यात अर्थ नाही. पण माहेर टिकवायला जमीन द्यावीच लागते, हे गृहीत धरण्याचं कारण नाही. नाव ठेवून भावाला कसू देणं हा तिसरा रस्ता आहे आणि तो घरात कोणी मांडतच नाही.

तरीही सोडायचंच असेल तर पुढचं पाळा.

वडील हयात असताना 'पुढे मिळणारा वारसा सोडला' असं लिहून घेतलेल्या कागदाला किंमत नाही. न मिळालेला वारसा सोडता येत नाही.

साध्या मुद्रांकावर, नोटरीसमोर किंवा तलाठ्यासमोरच्या जबाबावर जमिनीतला हक्क सुटत नाही. हक्कसोडपत्र दुय्यम निबंधकाकडे नोंदवावं लागतं, सही झाल्यापासून चार महिन्यांत. रक्ताच्या नात्यात वडिलोपार्जित मिळकतीसाठी मुद्रांक ऑक्टोबर २०२४ पासून ५०० रुपये आहे. इतका स्वस्त, म्हणून इतका घाईत.

मसुदा आदल्या आठवड्यात बहिणीच्या हातात द्या. नोंदणी कार्यालयाच्या बाकावर बसून वाचायला नव्हे, घरी, तिच्या मुलांसोबत वाचायला. तिने पाहायचं ते असं. गट क्रमांक आणि क्षेत्र लिहिलेलं आहे की 'व इतर सर्व मिळकती' असं मोघम वाक्य घातलं आहे? या एका वाक्यात गावचं घर, शहरातली खोली, विहिरीतला हिस्सा, उद्याच्या भूसंपादनाचा मोबदला, सगळं जातं. हे वाक्य काढायला लावा. हक्क कोणाच्या लाभात सोडला, सर्व भावांच्या की एकाच्या? काही रक्कम ठरली असेल तर ती कागदात आहे का, आणि बँकेतून दिली का? कागदावर 'विनामोबदला' आणि तोंडी 'दिवाळीला देतो' असं ठरलं असेल, तर कायद्याच्या नजरेत विनामोबदलाच. नोंदणीनंतर तिची स्वतःची प्रत आणि सूची २ (इंडेक्स टू, नोंदणीचा उतारा) तिच्या पिशवीत गेली पाहिजे.

एकदा नोंदलेली हक्कसोड मन बदललं म्हणून परत घेता येत नाही. फसवून किंवा दबावाने सही घेतली असेल तर ती रद्द करायला दिवाणी दावा लावता येतो, फसवणूक कळल्यापासून तीन वर्षांत.

रस्ता, धरण किंवा एमआयडीसीसाठी मोजणी सुरू झाली आणि अचानक भाऊ घरी पेढे घेऊन सहीला आला, तर आधी गावात संपादनाची नोटीस निघाली आहे का ते पाहा. भाव माहीत नसताना सही करू नये, एवढं तरी.

आईबद्दल वेगळं आणि ठाम सांगायला हवं. मुलींसोबत आईलाही रांगेत बसवून तिचाही अंगठा घेतला जातो. हे करू नका. सत्तरीच्या बाईचं नाव उताऱ्यावर असणं हा तिचा दवाखाना आहे. तिच्या पश्चात तिचा हिस्सा मुलामुलींनाच येणार, मग आत्ता घाई कसली? तिला द्यायचंच असेल तर बक्षीसपत्र करा आणि त्यात तिचा सांभाळ, औषधपाणी, राहायची खोली यांची अट स्पष्ट लिहा. अट लिहिलेली असेल आणि पाळली गेली नाही तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्याच्या कलम २३ खाली ते हस्तांतरण न्यायाधिकरणाकडून रद्द करून घेता येतं. अट न लिहिलेल्या बक्षीसपत्रावर ही वाट फार अरुंद होते.

नाव ठेवून शेती चालवायची कशी

भावाच्या अडचणी खऱ्या असतात, त्या सोडवल्या नाहीत तर तो सहीच्या मागे लागणारच. पीककर्जाला बँक सर्व सहखातेदारांची संमती मागते. बहीण पुण्यात, दुसरी नाशकात, तिसरी आखातात. दर हंगामाला सह्या कुठून आणायच्या? कर्जासाठी मर्यादा आणि मुदत घातलेलं नोटरी केलेलं संमतीपत्र करून द्या, उदाहरणार्थ 'अमुक गटावर, अमुक रकमेपर्यंत, तीन हंगामांसाठी'. त्या बँकेचा नमुना आधी विचारा. नुसतं 'सर्व अधिकार' देणारं कुलमुखत्यारपत्र मात्र देऊ नका, त्यात विक्रीही येते.

खंड किंवा वाटा ठरवायचा तर लिहून ठेवा. वर्षाला रोख, की धान्य, की आईच्या सांभाळाचा खर्च भाऊ करतो म्हणून काहीच नाही. शेवटचा प्रकारही रास्त आहे, फक्त तो बोलून ठरलेला असावा.

खातेफोड करून हिस्सा वेगळा करायचा असेल तर क्षेत्र आधी पाहा. २०२३ पासून राज्याच्या बहुतेक जिल्ह्यांत प्रमाणभूत क्षेत्र जिरायतीला २० गुंठे आणि बागायतीला १० गुंठे आहे. त्याहून लहान तुकडा पडेल अशी वाटणी तुकडेबंदी कायद्यात अडकते. तिथे नावं सामाईक ठेवून मोबदल्यावर ठरवावं लागतं. सर्वांची संमती असेल तर तहसीलदार कलम ८५ खाली वाटप करून देतात. नोंदणीकृत वाटणीपत्र केलेलं अधिक पक्कं. शेतजमिनीच्या वाटणीपत्राची नोंदणी फी माफ करण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने २०२५ साली घेतला, त्यामुळे खर्चाची सबब उरलेली नाही. वाटणीपत्राला हद्दीचा कच्चा नकाशा, विहिरीच्या पाण्याच्या पाळ्या आणि बांधावरून जायचा रस्ता जोडा. भांडणं क्षेत्रावरून कमी आणि रस्ता-पाण्यावरून जास्त होतात.

'बहिणीला दिलं की जमीन परक्या घरात जाणार' या बोलण्याला दोन उत्तरं आहेत. तिला मूलबाळ नसेल आणि ती मृत्युपत्र न करता वारली, तर आईवडिलांकडून आलेली मिळकत नवऱ्याकडे न जाता वडिलांच्या वारसांकडे परत येते. आणि तिला वारशाने आलेला हिस्सा विकायचा असेल तर सहवारसांना तो घेण्याचा अग्रहक्क आहे. भावाने रास्त भाव द्यायचा एवढंच.

वडील हयात असतील तर

नवऱ्याने स्वतःच्या जमिनीवर बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लावण्याची सोय महाराष्ट्रात १९९२ पासून आहे, लक्ष्मी मुक्ती नावाने. तिच्यामागे शेतकरी संघटनेची मोहीम होती. शरद जोशींच्या हाकेनंतर गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकांची नावं सातबाऱ्यावर चढवली. अर्ज नवऱ्याने करायचा आणि त्याला शुल्क नाही. ही नोंद म्हणजे बक्षीसपत्र नव्हे, तिच्या जोरावर बाईला एकटीने जमीन विकता येत नाही. पण नोटीस, संमती, भरपाई या प्रत्येक कागदावर तिचं नाव येऊ लागतं, आणि नवरा गेल्यावर 'ही कोण' असं विचारायला कोणी धजत नाही. गावच्या घरासाठी ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वर दोघांची नावं लावून घ्या, तो अर्ज ग्रामसेवकाकडे (आता ग्रामपंचायत अधिकारी) जातो.

मृत्युपत्र करत असाल तर दोन साक्षीदार असे घ्या ज्यांना त्यातून काही मिळत नाही आणि जे तुमच्याहून वयाने लहान आहेत. मुलीला काही द्यायचं नसेल तर का नाही, ते एका वाक्यात लिहा. द्यायचं असेल तर गट क्रमांकासह लिहा. 'मुलींचं लग्नात केलं आहे' हे वाक्य मृत्युपत्रात घालायचं तर काय केलं ते तुमच्या मुलींना आधी वाचून दाखवा.